नाव न घेता केलेली प्रार्थना

आधीच सांगून टाकते, हे सगळं लिहायला मी सूनबाईची परवानगी घेतली आहे. तिने वाचलं, दोन वाक्यं खोडली आणि म्हणाली, "चालेल, आई." तेव्हा तुम्हीही बिनघोर वाचा.

मी कवळ्या करते. एकतीस वर्षं झाली. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, मग पक्की कवळी करून घासायची. घासायचं काम पॉलिशवाल्याचं. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, चर्चशी त्याचा संबंध लग्नांपुरता, आणि तोंड फटकळ. "मावशी, दिवसभर लोकांच्या तोंडांची काळजी करता, कधी स्वतःच्या तोंडाचीही करा," असं तो उठता-बसता म्हणायचा. मी ते कधी मनावर घेतलं नाही.

कशाला घेऊ? माझ्या तोंडाचंच तर कौतुक होतं! दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत आमच्या महिला मंडळाची प्रार्थना असते. खुर्च्या गोल मांडायच्या, प्रत्येकीने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं अडलेलं लग्न, आणि शेवटी सगळ्यांच्या वतीने मी प्रार्थना करायची. अठरा वर्षं केली. वीस-वीस मिनिटं, कुठे अडखळणं नाही की शब्दासाठी थांबणं नाही. बायका डोळे पुसायच्या. पाळकसाहेब एकदा म्हणाले, "तुम्ही प्रार्थना करायला लागलात की छप्पर बाजूला झाल्यासारखं वाटतं." त्या एका वाक्यावर मी महिनाभर तरंगत होते.

आता चूक सांगते.

मुलगा-सून वेगळे राहतात, दर रविवारी जेवायला येतात. अशाच एका रविवारी जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते आणि सूनबाई पुसून ठेवत होती. ती पाणीपुरवठा कार्यालयात नळांच्या जाळ्याचे नकाशे काढते. मुलगी गुणी, पण अबोल. लग्नाला चार वर्षं झाली होती तरी "मीठ लागेल का" आणि "निघते हं" यापलीकडे आमचं फारसं बोलणं नव्हतं. त्या दिवशी ती ताट पुसता पुसता थांबली.

"आई, तिसरा महिना लागला होता. गुरुवारी गेलं."

मी नळ बंद केला. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. तिला रक्तदाबाचा त्रास. पुढच्या रविवारी स्वतः जाऊन, तिच्याजवळ बसून सांगणार आहे. तोवर कुणाला बोलू नका."

"माझ्या पोटात राहील गं," मी म्हणाले. आणि देवाशपथ, म्हणताना मला ते खरंच वाटत होतं.

बुधवारी प्रार्थना रंगात आली होती. डोळे मिटलेले, शब्द भराभर येत होते, आणि मी म्हणाले, "प्रभू, तुझ्या एका लेकीची आठवण कर. तिचं नाव घेत नाही, तू तिला ओळखतोस. तिच्या पोटी उमलण्याआधीच जे गळून गेलं, त्याचं दुःख तू जाणतोस. दिवसभर कागदावर पाण्याच्या वाटा आखणाऱ्या तिच्या हातांना बळ दे." खोलीभर "अगंबाई" असा उसासा निघाला. मी तो विषय आणखी दोन मिनिटं चालवला.

कागदावर पाण्याच्या वाटा आखणाऱ्या लेकी आमच्या मंडळाच्या ओळखीत किती? एक. माझी सून.

शनिवारी मंडळातल्या एकीला औषधाच्या दुकानात रांगेत विहीणबाई भेटल्या. हिने त्यांचा हात हातात घेतला आणि गहिवरून म्हणाली, "लेकीला जपा हो. वय आहे, पुन्हा होईल." विहीणबाईंना तिथेच घेरी आली. दुकानदाराने खुर्ची दिली.

संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"आई, तुम्ही माझी गोष्ट देवाला सांगितलीत की मंडळाला?"

"अगं, प्रार्थना केली मी तुझ्यासाठी! नावसुद्धा घेतलं नाही!"

"माझं काम काय, हे देवाला माहीत नव्हतं का?" तिने फोन ठेवला.

मला असा संताप आला म्हणून सांगू! प्रार्थना केली, शिव्या तर नाही दिल्या. सोमवारी प्लास्टर कालवताना मी भांडं असं आपटलं की पॉलिशवाल्याने यंत्र बंद केलं. मी मंडळात कुणाच्या तरी दुःखासाठी देवाजवळ रडले आणि ते बाहेर फुटलं, तर घरचं माणूस माझ्यावरच उलटलं, एवढंच त्याला सांगितलं.

"मावशी, देवाला कमी ऐकू येतं का?" त्याने विचारलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पुढचे तीन रविवार मुलगा एकटाच आला. "ती नको म्हणते. तू आता मध्ये पडू नकोस, आई," एवढंच बोलून खाली मान घालून जेवायचा. मुलाची मला चिंता नव्हती, तो कुठे जातोय! मला ती मुलगी हवी होती. तिने खांद्यावर डोकं टेकलं आणि मी खांदाच काढून घेतला, हे मला रोज थोडं थोडं कळत होतं. ती परत कधीच आली नाही तर काय?

शेवटी म्हटलं, एवढी मोठी प्रार्थना करणारी तू, बस की गुडघ्यांवर. कामावर अर्धा तास लवकर जायचं, प्लास्टरच्या कोठीत शिरायचं आणि कडी लावायची, असं ठरवलं. पहिल्या दिवशी जोरात सुरुवात केली. आमेन म्हणून घड्याळ पाहिलं तर चार मिनिटं! चारचौघींत वीस आणि एकटीला चार. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट झालं. एक वाक्य छान जमलं आणि मी थांबले. कशासाठी थांबले? उसाशासाठी. समोर प्लास्टरची पोती होती.

"मग बोलू तरी काय?" मी देवावरच चिडले. उत्तर आलं नाही. मग मीही गप्प बसले. ते काही सोपं नव्हतं. मन कधी दाढांकडे धावायचं, कधी गॅस बंद केला का याकडे. पण मी हट्टी बाई आहे. एका दाढेसाठी तासभर मेण कोरत बसते, तर देवासाठी अर्धा तास का नाही बसणार? एकदा पॉलिशवाल्याने बाहेरून हाक मारली, "मावशी, आत कुणाशी बोलताय?"

"बोलत नाहीये. ऐकतेय."

"अरे बापरे! डॉक्टरला बोलावू का?"

नवव्या की दहाव्या दिवशी ते शांत बसणं बदललं. आवाज नाही, उजेड नाही, तसलं काहीसुद्धा नाही. फक्त इतकं जाणवलं, की मी येण्याआधीपासून कुणीतरी इथे माझी वाट पाहत बसलेलं असतं आणि त्याला कसलीच घाई नाही. प्लास्टर घट्ट झालं की बोटाला कळतं, तसं मला ते कळलं. शंका नाही. आणि त्याच्यासमोर खरं बोलायची मला भीती वाटेना. मी म्हणाले, "प्रभू, मला तो उसासा आवडला होता." एवढीच प्रार्थना केली. मग मनसोक्त रडले.

बुधवारी ठरवलं, मंडळात उभं राहून सगळ्यांपुढे चूक कबूल करायची. बसमध्ये वाक्यं जुळवत गेले. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं तयार. वेळ आली, मी उभी राहिले, तोंड उघडलं आणि चमकले. अगं बये, पुन्हा तेच! दुःख तिचं आणि जीभ माझी. तिला विचारलंस का?

"आज दुसरी कुणीतरी प्रार्थना करा," म्हणाले आणि खाली बसले. शेवटी आमच्यातल्या सगळ्यांत लाजाळू बाईने अडखळत चार वाक्यं म्हटली. काही बिघडलं नाही. तेव्हापासून तीच करते.

दुसऱ्या दिवशी आधी विहीणबाईंचे पाय धरले, मग सूनबाईच्या दारात गेले. तिने दार उघडलं, पण "या" म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"मी मंडळाला सांगितलं. देवाचं नुसतं नाव पुढे केलं. बायका हळहळल्या, ते मला आवडलं. चुकलं माझं."

ती पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. पुढचं वाक्य नव्हतं.

"मला वेळ लागेल, आई."

"लागू दे. मी कुठे जात नाही."

पाच महिने लागले. कोठीतला अर्धा तास मी एक दिवस चुकवला नाही. मागत काही नव्हते, नुसती तिला त्याच्यापुढे घेऊन बसत होते. बसून उठले की दिवसभर हात स्थिर असायचा. आणि एका रविवारी मुलाच्या मागोमाग तीही आत आली. जेवली. मी भांडी घासायला घेतली, तिने फडकं घेतलं, आणि मला एक गोष्ट सांगितली.

काय ते तुम्हाला सांगणार नाही.

"आई, प्रार्थना करा. आत्ता, इथेच," ती म्हणाली. "पण मोठ्याने नको."

आम्ही दोघी ओल्या हातांनी खुर्च्यांवर बसलो. तिने माझा हात धरला. किती वेळ गेला देव जाणे. मुलाने डोकावून विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही," दोघी एकदमच म्हणालो.

बुधवारी मंडळात शेजारच्या खुर्चीवरची माझ्याकडे झुकली. "सूनबाईसाठी प्रार्थनेला काही विषय आहे का हो?"

"जिथे सांगायचा तिथे सांगितलाय," मी म्हणाले आणि डोळे मिटले.