समासातला अंगठा

"डाउनलोड नको," सुदर्शन सर दिशाला म्हणाले. "लोकांनी वेबसाईटवर यावं, गाणी वाचावीत, जावं. फाईल घरी न्यायची नाही."

प्रभाबाई कोपऱ्यात चहा पीत होत्या. डहाणूतल्या या छोट्या ऑफिसात त्यांची भाची दिशा सरांच्या लग्नगाण्यांची वेबसाईट बनवत होती. सरांची म्हणायची, एवढंच. वेवजीच्या शाळेत शिकवताना बाईंनीच लग्नात गाणाऱ्या सुकीच्या ओट्यावर बसून ती बारा वर्षं वह्यांत उतरवली होती. सुकीला लिहिता येत नसे, पण प्रत्येक पानाच्या समासात ती शाईचा अंगठा उठवायचीच. "गाना माझा, त अंगठा बी माझाच. बाई, खाली माझा नाव लिव."

संशोधनासाठी म्हणून सरांनी आठ दिवसांच्या बोलीवर वह्या नेल्या, त्याला नऊ वर्षं झाली. सुकी भेटली की विचारायची, "बाई, वह्या आल्या का?" विचारता विचारता गेली. आता वेबसाईटवर त्याच वह्यांच्या पानांचे फोटो, प्रत्येक पानाखाली 'संशोधन : सुदर्शन' आणि समास गायब.

"मावशी, समास नुसता झाकलाय," दिशा काल म्हणाली होती. "डाउनलोड दिलं तर अख्खं पान उतरेल."

तेव्हापासून बाईंनी जीभ गोड ठेवली होती.

"असं कसं सर? तुमचं काम घरोघरी जायला नको? बायका मांडवात मोबाईल उघडून गातील, नाव तुमचं घेतील."

सरांनी चष्मा पुसला. "तेही खरंच. दे गं बटण."

"मूळ फाईलच उतरेल हं सर," दिशा म्हणाली.

"मूळच हवी. अस्सल!"

तलासरीच्या सभागृहात उद्घाटन झालं. फोटोत शोभाव्यात म्हणून सरांनी वेवजीच्या बायकांनाही बोलावलं होतं. "काढा मोबाईल! करा पहिलं गाणं डाउनलोड!"

बायकांनी बटण दाबलं. मग मागून आवाज आला, "अगो, ह्यो त सुकीआयचा अंगठा!"

दुसरीने मोठ्याने वाचलं, "'गाणारी सुकी, वेवजी.' सर, तुमचा नाव कुठं हाय?"

सभागृह हसलं.

"दिशा, बंद कर ते!"

"करते सर. पण उतरलेल्या फाईली परत नाही घेता येत."

नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली तो सरांचा पडलेला चेहरा बाईंनी पोटभर पाहून घेतला. मग त्यांची नजर तिसऱ्या रांगेत गेली. तिथे सुकीची लेक शीतल बसली होती. ती हसत नव्हती. तिने दोन बोटांनी तो ठसा मोठा केला, मोबाईलचा पडदा भरेपर्यंत. मग त्यावर आपला अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला.