मटार सोलताना सांगितलेलं

दोनशे माणसं मांडी घालून बसली होती आणि एकाच्याही तोंडून शब्द निघत नव्हता. आमच्या आश्रमात आठवडाभर सगळ्यांना मौन असायचं. रविवारी सकाळी फक्त दादा बोलायचे. त्या रविवारी त्यांनी डोळे मिटले आणि तिसऱ्या रांगेतल्या एका धिप्पाड ट्रक ड्रायव्हरकडे बोट केलं.

"बोलू नकोस! शब्द लंगडा असतो. तुझं दुःख त्याच्या आधी धावत माझ्यापर्यंत पोचलंय. नऊ वर्षं एक दार बंद आहे. दारामागे बहीण आहे. आईच्या बांगड्यांवरून भांडलात ना रे?"

ड्रायव्हर हमसून हमसून रडायला लागला. "दादा, मी इथे कुणाशी चकार शब्द बोललो नाही हो! तुम्हाला कसं कळलं?"

दादा नुसते हसले. लोकांनी हात जोडले, काहींनी डोळे पुसले. मी स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभी होते. या बांगड्यांचं काहीतरी मी कुठेतरी ऐकलंय असं मला वाटलं, पण भात लागेल म्हणून मी आत पळाले.

चार वर्षं मी तिथे स्वयंपाकीण होते. राहायला कोठीमागची खोली. एक खिडकी, दोन खुंट्या, आणि भिंतीपलीकडे पोत्यांची खसफस. उंदीर असायचे; एवढं कळायला दादांना विचारावं लागलं नाही.

मौनाला एकच सूट होती, स्वयंपाकघर. आधी तीही नव्हती. मग एकदा एक बाई उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन निघाली. वाटेत माणसं बसलेली, हिला 'सरका' म्हणायचं, आणि खूण करायला हात तर दोन्ही पातेल्याला! तिघांचे पाय भाजले. तेव्हापासून स्वयंपाकघरात बोलायची परवानगी मिळाली.

नव्या माणसाने पहिले सात दिवस माझ्या हाताखाली राबायचं असा नियम होता. "अहंकाराची सालं निघाली पाहिजेत," दादा म्हणत. सालं निघायची ती कांद्यांची आणि मटारांची. पण दिवसभर दातखीळ बसल्यासारखा वावरणारा माणूस हातात शेंगा आल्या की बोलायला लागतो. नजर शेंगेवर असते, समोर एक अनोळखी बाई असते, आणि मग पोटातलं सगळं ओठांवर येतं. बरं, स्वयंपाकघरातलं बोलणं तिथे कुणी बोलण्यात धरतच नसे. ते म्हणजे काम. आठव्या दिवशी हीच माणसं शपथेवर सांगायची, "मी इथे तोंड उघडलेलं नाही." खोटं बोलत नव्हती बिचारी.

संध्याकाळी चहाच्या वेळेला व्यवस्था बघणाऱ्या ताई यायच्या. स्टूल ओढून बसायच्या. "कोण नीट जेवलं, कोणी ताट तसंच ठेवलं? कुणाला काय खुपतंय? अगं, आईच्या मायेने विचारते."

मी सगळं सांगायची. मला बरं वाटायचं. नवरा गेल्यापासून मला कुणी बसून काही विचारलं नव्हतं.

नवऱ्याचंही सांगून टाकते. एका सकाळी ते जेवताना म्हणाले, "आज मीठ फार झालंय." मी फणकाऱ्याने म्हणाले, "मग उद्यापासून स्वतः करा." ताट अर्धं टाकून ते कामावर गेले आणि तिथेच पडले. पुढे कुणीतरी मला आश्रमात आणलं. आठव्या दिवशी दादा म्हणाले, "मिठाचं ते भांडण तुझ्या माणसाने मनावर घेतलं नाही. माफ करून गेलाय तो." मी तिथेच कोसळले. घर मोडलं, भांडी वाटली आणि दादांच्या चुलीशी येऊन राहिले. त्या एका वाक्यावर मी चार वर्षं जगले.

आता घड्याळवाले काका. साठी उलटलेले, घड्याळं दुरुस्त करणारे. बायको गेलेली, मुलगा दूर. माझ्याकडे कामाला आले त्या पहिल्याच दिवशी भिंतीवरचं बंद घड्याळ त्यांनी खाली उतरवलं, सुरीच्या टोकाने उघडलं आणि चालू करून दिलं. "आठ दिवसांची किल्ली आहे बरं का. दर सोमवारी मी देत जाईन," म्हणाले. मटार सोलताना त्यांनी मला खिशातली पांढरी डबी दाखवली. "हृदयाच्या गोळ्या. रोज सकाळी एक. उशाशी ठेवल्याशिवाय मला झोप येत नाही, पोराच्या खुळखुळ्यासारखं झालंय." आम्ही दोघंही हसलो.

आठव्या दिवशी दादा त्यांना म्हणाले, "तुझ्या उशाशी एक पांढरी डबी आहे. त्यात गोळ्या नाहीत, भीती आहे. देह म्हणजे भाड्याची खोली, आणि तू तिच्या कुलुपालाच पुजतोयस! फेक ती डबी."

काकांनी फेकली. त्यानंतरच्या सोळाव्या सकाळी ते न्याहारीला आले नाहीत म्हणून मी पाहायला गेले. खाटेवर बसलेले होते, एक बूट पायात, दुसरा हातात. दादा म्हणाले, "सुटला." सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा.

तो मंगळवार होता. आदल्या दिवशी त्यांनी घड्याळाला किल्ली दिली होती. माणूस गेला आणि घड्याळ चालूच राहिलं. आमच्याकडे ताटांवर नंबर असायचे. काकांचं सत्तावीस. मी मांडायला लागले की ते ताट आपोआप हातात यायचं, मांडून झाल्यावर लक्षात यायचं आणि मी ते उचलून ठेवायची. पाठीमागे टिकटिक चालू असायची. वाटायचं, वळले तर काका शेंगा घेऊन बसलेले दिसतील. मी वळत नसे.

ड्रायव्हरचा तो रविवार याच आठवड्यातला. त्याच दिवशी एक शाळेतल्या बाई आश्रमात नव्याने आल्या होत्या. तिशीतल्या, बारीक, हसऱ्या. त्यांना फिट यायच्या. "दोन वर्षांत एकही आली नाही हो, गोळ्या चालू आहेत ना," त्या मला म्हणाल्या. "पण कंटाळा आलाय. त्या ड्रायव्हरचं पाहिलं तुम्ही? दादा इतकं ओळखतात तर माझंही ओळखतील. येत्या रविवारी ते म्हणाले की गोळ्या बंद!"

हे बोलणं चाललं होतं मंगळवारी दुपारी. तेवढ्यात घड्याळ थांबलं. काकांनी किल्ली दिल्याला नेमके आठ दिवस झाले होते.

टिकटिक गेली तसं मला बाईंचं बोलणंही ऐकू येईना. आणि मग काकांचा आवाज आला. आवाज म्हणजे आठवणच ती, भुताखेताचं नाव नको. पण स्पष्ट आली. "उशाशी ठेवल्याशिवाय झोप येत नाही." हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी ते चहा पिता पिता ताईंना सांगितलं होतं, अगदी कौतुकाने. "बिचारे, पांढरी डबी उशाशी घेऊन झोपतात." आणि रविवारी दादांनी माझंच वाक्य मला ऐकवलं होतं. बांगड्यांचंही तसंच. ड्रायव्हर कांदे चिरताना बोलला होता.

पण मग मिठाचं काय? मिठाचं मी कुणाला सांगितलं होतं? माझ्या आधीच्या स्वयंपाकीणबाई आठवल्या. त्यांच्यासमोर बसून मी पहिल्याच दिवशी मटार सोलले होते आणि रडले होते. त्यांनी मायेने पाठीवरून हात फिरवला होता. त्यांच्याकडेही ताई रोज चहाला यायच्या.

मी एक दिवस गप्प राहिले. खरं सांगायचं तर गप्पच राहावंसं वाटत होतं. दादा खोटे, तर माफीही खोटी. पण बाई समोर बसून शेंगा सोलत होत्या, आणि मला त्यांच्या हातात एक बूट दिसत होता.

बुधवारी संध्याकाळी ताईंनी स्टूल ओढलं. "त्या शाळेतल्या बाईंचं काय गं?"

"काय सांगू ताई," मी म्हणाले, "धाकटा भाऊ विहिरीत बुडाला हो त्यांचा. निळा सदरा होता अंगात. कुणापाशी बोलत नाहीत, आतल्या आत कुढतात." मग मी ताईंच्या चहात साखर घातली. आयुष्यात इतकं साफ खोटं मी कधी बोलले नव्हते.

रविवारी दादांनी डोळे मिटले. बोट बाईंकडे वळलं. "पाणी दिसतंय मला... खोल पाणी. निळा सदरा! ताई म्हणून हाक मारतोय गं तुझा धाकटा!"

बाई गोंधळून उभ्या राहिल्या. "दादा, पण मला भाऊच नाही. मी एकुलती एक आहे."

दादा अडखळले, पण क्षणभरच. "या जन्मात नाही गं, वेडे. मागच्या जन्मातला!"

"आहा!" सगळी माणसं पुन्हा खूश. मागच्या जन्मात सदरे निळे शिवत होते का, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. बाईंचे डोळे भरून यायला लागले, आणि मला कळलं की आता नाही बोलले तर संपलं.

मी डाव हातात घेऊन सभागृहात शिरले. "तो भाऊ माझा आहे," मी म्हणाले. "म्हणजे मी बनवलेला. बुधवारी संध्याकाळी, चहाच्या वेळेला, या ताईंना सांगितला."

"मौन!" ताई ओरडल्या. त्यांचं स्वतःचं मौन तिथेच मोडलं.

"मौनच तर पाळलं सगळ्यांनी, स्वयंपाकघर सोडून. ड्रायव्हरदादा, बहिणीचं तुम्ही मला कांदे चिरताना सांगितलंत. आठवतंय?"

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "हो... पण ते तर कामातलं बोलणं होतं."

"तेच कामाला आलं. आठवून पाहा सगळ्यांनी, पहिल्या सात दिवसांत कुणापाशी काय बोललात ते."

हळूहळू माना एकमेकांकडे वळायला लागल्या. कुणी म्हणालं, "मी भेंडी कापताना..." कुणी म्हणालं, "चहाडखोर आहे ही बाई!" तेही खरंच होतं. दादांनी डोळे मिटून घेतले ते उघडलेच नाहीत. एवढं सगळं दिसणाऱ्या माणसाला त्या दिवशी समोरचं पाहवेना. निम्मी माणसं उठली. निम्मी बसून राहिली, ती अजून बसलेली असतील.

बाई माझ्याबरोबरच बाहेर पडल्या. पिशवीतून गोळी काढून त्यांनी नळावरच घेतली.

आता मी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते. कुणी बोलावलं तर चार लोकांसमोर हे सांगते. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर हात जोडायच्या आधी आठवा, ते तुम्ही कुणाला सांगितलं होतं. आणि गोळी बंद करायची तर ज्याने दिली त्या डॉक्टरला विचारा. लोक माना डोलावतात. मग हमखास कुणीतरी विचारतं, "तुमच्या नवऱ्याने तुम्हाला माफ केलं असेल का हो?"

मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तो घास खारट होता आणि मी उलट बोलले होते, एवढंच खरं आहे. ते खोट्या माफीशिवाय सोसायला मी शिकते आहे.

पण काकांचं मला माहीत आहे. डबी दादांनी फेकायला लावली. उशाशी आहे, हे मी सांगितलं होतं.