ढकला, ओढू नका

आमच्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीतून लिफ्टपर्यंत चादरींची ट्रॉली मी ओढते. ओढतेच, ढकलत नाही. मी बुटकी, ढीग डोक्याच्या वर. ढकलायला गेले तर पुढचं दिसणार काय, कपाळ? म्हणून मी पुढे, हात मागे आणि ट्रॉली पाठीशी. कमरेची पार वाट लागली होती.

मग पाठीवाल्या बाई आल्या. कामगारांच्या पाठी वाचवायला त्यांना बोलावलं होतं, म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव. त्या म्हणाल्या, "ओढताना अंग पिळवटतं, ट्रॉली टाचेवर येते. ढकला. कोपरं अंगाशी, पाठ सरळ, जोर पायांचा." सोमवारी प्रत्येकीने ढकलून दाखवायचं. जिला जमणार नाही तिला घडीच्या खोलीत बसून चादरींच्या घड्या घालायचं काम.

बाकीच्या खूश झाल्या. मी नाही. घडीच्या खोलीच्या मुख्य म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. घरी मी भांडी लावते, त्या काढून पुन्हा लावतात. इथेही दिवसभर तेच? त्यापेक्षा कंबर मोडलेली परवडली.

सोमवारी मी जोर दाखवायला रोजच्यापेक्षा जास्त चादरी रचल्या. अति तिथे माती, पण सुचतं कुणाला? पाय रोवून ढकललं तर ट्रॉली अशी सुरेख निघाली की माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं उगाच कमरेशी वैर धरलं. फक्त समोर पांढरी भिंत. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "अगं, डावीकडे घे. पुढे बादली आहे."

झालं, जाऊबाई आल्या. पण बादली खरीच होती, ऐकावंच लागलं.

"थांब. आता चल. कोपरं आत घे, बाई ओरडून थकल्या."

लिफ्ट आली तरी कुठे ओरखडा नाही. पाठीवाल्या बाई म्हणाल्या, "छान ढकललंत, पास. पण दिसत नसताना ढकलायचं नाही. एक तर ढीग छातीखाली ठेवा, नाहीतर पुढे माणूस हवा."

"ढीग कमी केला तर खेपा वाढतील," मुकादम कुरकुरला. "माणूस घ्या."

जाऊबाईंचा हात आधीच वर होता.

"अहो, खोली सोडून येता?" मी म्हटलं. "तिथे तर तुमचं राज्य."

"राज्य कसलं डोंबलाचं. चादरींशी बोलू का दिवसभर? तू नापास होशील म्हणून आठवडाभर एक खुर्ची पुसून ठेवत होते."

वाईट वाटलं, खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची मी उचलून लिफ्टपाशी आणली. लिफ्ट यायला वेळ लागतो आणि जाऊबाईंचे गुडघेही काही धड नाहीत. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, हातभर डावीकडे सरकवली आणि मग बसल्या.