कोऱ्या लोखंडावर हळद-कुंकू

माझा भाचा स्वप्नील याचं लग्न जमवताना मला एक गोष्ट कळली. पोरीच्या बापाला पगार सांगितला तर तो मान डोलावतो, काम सांगितलं की चहा अर्धा टाकून उठतो. "मुलगा पुलाला रेती मारतो" असं कुणीतरी पसरवून ठेवलं होतं. शिरपूरकडची सगळी स्थळं अशीच गेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आमच्या पोराचं नाक चांगलं सरळ आहे, तरी तेवढीच.

रेती नाही हो ती! काळी, बारीक, धारदार कच असते. कॉम्प्रेसरच्या दाबाने ती नळीतून सुटते आणि वर्षानुवर्षांचा गंज न् रंग उडवून लोखंड पांढरंशुभ्र करते. नळी धरणाऱ्याचे हात दिवसभर थरथरतात. स्वप्नीलचे थरथरत नाहीत. मी साइटचा सुपरवायझर, सगळ्यांवर खेकसणं हे माझं काम, पण हे पोर काम करताना मी गुपचूप बघत उभा राहतो. माझा फार जीव आहे त्याच्यावर.

यंदा थंडीत आम्ही तापीवरच्या जुन्या लोखंडी पुलावर होतो. वाहतूक बंद, सगळीकडे ताडपत्र्या. आणि फैजपूरहून स्थळ आलं. केळीवाले प्रेमराजभाऊ, त्यांची मुलगी ऋतिका आणि आजी सुगंधाबाई. मुलाला रजा नाही म्हटल्यावर ते म्हणाले, आम्हीच पुलावर येतो. मी बेत आखला: दुपारपर्यंत स्वप्नीलने एक खांब साफ करायचा, रंगाऱ्याच्या ताब्यात द्यायचा, मग आंघोळ, इस्त्रीचा शर्ट आणि शेडमध्ये चहा. पाहुण्यांना पोरगा स्वच्छ दिसला पाहिजे, काम नंतर दिसलं तरी चालेल.

पाहुणे तासभर आधीच आले. खांब नुकताच साफ झाला होता, रंगारी प्रायमर कालवत होता आणि स्वप्नील टाकीकडे साबण घेऊन निघाला होता. मी चहा सांगायला वळलो, तेवढ्यात आजी ताडपत्री बाजूला सारून आत गेल्या.

मी पोचलो तेव्हा आजींनी पिशवीतली पुडी सोडून त्या कोऱ्या खांबाला हळद-कुंकू लावलं होतं. दोन्ही तळहात लोखंडावर टेकवून त्यावर कपाळ ठेवलं होतं.

"आजी! हात!" मी ओरडलोच.

म्हातारी दचकली. "काय झालं बापा? मी याच पुलावरून बैलगाडीत सासरी आली होती. तेव्हा हा कायाकुट्ट होता. आज चांदीसारखा झाला, तर मले राहावलं नाही."

आता त्यांना काय सांगू? कोऱ्या लोखंडाला उघडा हात लावायचा नसतो. घाम लागला की त्या जागी पाचही बोटं तांबडी उमटतात, आणि त्यावर रंग चढवला की गंज आतून खात जातो. खांबाचा तेवढा भाग पुन्हा मारायला हवा होता, आणि रंगही अंधाराच्या आत, कारण नंतर दव पडतं. म्हणजे आंघोळ गेली, शर्ट गेला, चहा गेला. दैव देतं आणि कर्म नेतं ते असं.

प्रेमराजभाऊ घड्याळ बघत मला म्हणाले, "नवलभाऊ, आम्हाले दिवस बुडायच्या आत निघायचं आहे."

मी स्वप्नीलला बाजूला ओढलं. "थिनरना बोळा फिराव आनि रंग मारू दे. कोण देखस?"

त्याने साबण माझ्या हातात दिला. "नही मामा. आठे आते रंग मारा तर दोन पावसाळामा पापुद्रा सुटी जाई."

"पापुद्रा सुटो, स्थळ सुटी जाई त्याचं काय?"

त्याने ऋतिकाकडे एकदा बघितलं. हो, बघितलं, मी पाहिलं ना! मग तो आजींपुढे वाकला. त्या पदराने डोळे पुसत होत्या.

"आजी, तुमना नमस्कार पुलले पोची गया. मी फक्त हळद काढस. रंग सुकी गया की परत लावा. मी सोता तुमले लई येसू."

एवढं बोलून त्याने हेल्मेट चढवलं. कॉम्प्रेसर धडधडला, ताडपत्रीआड धूळ उठली. मी साबण हातात घेऊन बावळटासारखा उभा. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता.

प्रेमराजभाऊ गाडीकडे निघाले. ऋतिका हलली नाही.

"बाबा, रंग वाळू द्या ना," ती म्हणाली. "आजीला हळद-कुंकू लावायचं राहिलंय."

प्रेमराजभाऊंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेडमध्ये येऊन बसले. चहा गार झाला होता. त्यांनी पूर्ण प्यायला.

दिवस मावळायच्या बेताला खांब करड्या प्रायमरखाली गेला. स्वप्नील बाहेर आला. मानेवर काळं, कानात काळं, कपाळावर काळं, हेल्मेटखाली घामाने भिजलेलं तोंड. शब्द दिल्याप्रमाणे तो आजींचा हात धरून त्यांना खांबाशी घेऊन गेला. आजींनी पुडी उघडली, चिमूट धरली आणि थांबल्या.

"ओला हाये का रे अजून?"

"हा आजी. जराखा थांबनं पडी."

"मंग ही चिमूट पुडीत कायले टाकू?" आजींनी लेकाकडे बघितलं. प्रेमराजभाऊंनी मान डोलावली. नातीकडे बघितलं. ती नदीकडे बघत होती, पण हसत होती. मग आजींनी हात वर केला आणि ती चिमूट स्वप्नीलच्या कपाळाला लावली.

मुलाला मुलीकडचं कुंकू लागलं म्हणजे काय झालं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

पाहुणे गेल्यावर मी साबण पुढे केला. "आता तरी आंघोळ कर, भूत दिसतोस."

आंघोळ त्याने केली. मान घासली, कान घासले. पण जेवायला बसला तेव्हा कपाळ तसंच काळं होतं आणि कुंकू जिथल्या तिथे. चिमूटभर हळदीसाठी खांब पुन्हा कोरा करणारा हा माणूस, कपाळाला पाणी लावायला तयार नव्हता.