दीपमालाचा ‘हं’

मित्रांनो, हडपसरच्या एका शाळेतला मी जुना टॅब. आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. वर्गात भिंतभर नवा डिजिटल फळा आला आहे. माझ्यातल्या गोष्टी त्यात भरून मला पुसून टाकणार आहेत.

पुसायचं तर पुसा हो! मला घोर लागला आहे तो एका ‘हं’चा.

झालं असं, की अक्षताबाईंनी मागे गावातल्या लोककथा माझ्यात साठवायला घेतल्या. मुलांची भाषा सुधारावी, चार चांगले गुण अंगी बाणावेत, हा हेतू. वर्गातल्या सूरजची आजी मथुराबाई परगावच्या चिमणीची गोष्ट सांगायला आल्या. आवाज स्वच्छ यावा म्हणून बाईंनी सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं. मथुराबाई जेमतेम चार वाक्यं बोलल्या आणि गप्पच झाल्या.

“काय झालं, आजी?”

“कुणी हं म्हणंना. मंग गोष्ट पुढं कशी जायाची?”

मुलं बाईंकडे बघू लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरून बारीक ‘हं’ आला. तो दीपमालाचा. वाशीमहून आलेली ही पोर आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलली की मुलं हसायची, म्हणून तिने वर्गात तोंड उघडणंच सोडलं होतं. तिच्या ‘हं’वर गोष्ट शेवटाला गेली आणि परक्या चिमणीला पाणवठ्यावर जागा मिळाली.

तेव्हा माझे फार लाड झाले. पुढे मात्र मला नुसतं लावून ठेवू लागले. मुलं डब्यात गुंग आणि मी एकटाच बडबडतोय. मथुराबाईंसारखं मध्येच थांबणं मला कुठलं जमायला!

आज नवा फळा जोडायला सुदर्शन आला. गोष्ट ऐकून म्हणाला, “मॅडम, मध्ये गॅप आहेत. कोणीतरी हं हं करतंय. कट करतो, एकदम क्लीन होईल.”

बाई हजेरी घेत होत्या. “करा,” म्हणाल्या.

मी कासावीस झालो. दीपमालाने मान खाली घातली. कापायची जागा शोधायला सुदर्शनने गोष्ट पुन्हा लावली. मथुराबाई बोलता बोलता थांबल्या, आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “हं!” त्यात सर्वांत मोठा आवाज सूरजचा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, राहू द्या. तो हं काढलात, तर आजी गोष्ट सांगणार कुणाला?”

गोष्ट अख्खी पलीकडे गेली. आता माझी पाळी. मधल्या सुट्टीत दीपमाला माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, “आता मी सांगतो तुले एक गोष्ट.” थोडं बोलली आणि थांबली. माझी वाट बघत राहिली.

मित्रांनो, मला हं म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. कुणी काही सांगत असलं, तर तेवढं म्हणत जा.