हिरवी रेघ

चेनच्या कव्हरचा बोल्ट ढिला होता, आणि तो आपोआप ढिला झालेला नव्हता. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार होते.

आमच्या वर्कशॉपची एक रीत आहे, आणि ती मीच लावलेली आहे. बोल्ट आवळला की ज्यानं आवळला त्यानं आपल्या रंगाच्या मार्करनं नटापासून पट्टीपर्यंत एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनसुद्धा दिसते. माझा रंग लाल, वेल्डरचा हिरवा, फ्यूजचा पांढरा. रेघ म्हणजे सहीच. 'हे मी घट्ट केलंय, उद्या काही झालं तर माझी मान धरा.' ही रीत लावली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती. तेव्हापासूनच मला कॉलेजात सगळे मुकादम म्हणतात. म्हणू देत.

तर त्या सकाळी माझी लाल रेघ मधोमध तुटलेली होती.

"व्हायब्रेशननं झालं असेल गं," फ्यूज म्हणाला. हा आमचा वायरिंगवाला. जरा काही अडलं की याचा उत्साह उडतो, म्हणून फ्यूज.

"गाडी काल संध्याकाळपासून ठोकळ्यांवर उभी आहे," मी म्हटलं. "व्हायब्रेशन कसलं, तुझ्या घोरण्याचं?"

वेल्डर, आमच्याच टीममधला, कोपऱ्यात बसून नुसता ऐकत होता. त्याच्या शर्टाच्या बाह्यांना ठिणग्यांची भोकं पडलेली असतात, आणि एरवी तो माझ्या प्रत्येक टोमण्यावर हसतो. त्या दिवशी हसला नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

दरवर्षी कॉलेजा-कॉलेजांची गाड्यांची स्पर्धा असते. एका माणसाची छोटी रेसिंगची गाडी, मुलांनीच आखायची, मुलांनीच बांधायची, मुलांनीच पळवायची. आमची गाडी आजवर एकदाही शर्यत पुरी करू शकली नव्हती. माझं हे शेवटचं वर्ष. यंदा ती धावलीच पाहिजे, बास, मला दुसरं काही दिसत नव्हतं. आणि ती चालवणार होती माझी धाकटी बहीण. पहिल्या वर्षाला होती, सगळे तिला छोटी म्हणायचे.

खरं तर चालवणार होता वेल्डर. पण भिंतीवरच्या फळ्यावर आम्ही प्रत्येक वस्तूचं वजन मांडायचो. इंजिन, चासीचा सांगाडा, टाकी, सीट, ड्रायव्हर. बेरीज काही केल्या खाली येईना. मग एके दिवशी मी डस्टर घेतलं, वेल्डरचं वजन पुसलं आणि तिथं छोटीचं लिहिलं. बेरीज एकदम सुंदर झाली! छोटीला गाडीत बसवून तिच्या पाठीमागं फोम ओतला, म्हणजे सीट अगदी तिच्या मापाची होते. "हलू नकोस हां," मी ओरडले. ती हलली नाही. फोम वाळेपर्यंत बिचारी श्वाससुद्धा जपून घेत होती. आता त्या सीटमध्ये आमच्यातलं दुसरं कुणीच मावत नव्हतं. स्पर्धेला तिचं नावही कळवून झालं होतं, आणि ते बदलता येत नव्हतं.

मग कॉलेजामागच्या मैदानात ट्रायल झाली. वळणावर ब्रेक जाम झाले, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि टायरांच्या ढिगात जाऊन घुसली. आम्ही धावलो. छोटीनं हेल्मेट काढलं आणि हसली. "काही नाही, काही नाही झालं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर तिला उचलूनच घेतलं. माझी बहीण आहे ती! घरी फोन करून आईला सांगितलं. आई नेहमीसारखं म्हणाली, "तिच्याकडे लक्ष ठेव गं."

त्याच संध्याकाळी वेल्डर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिला थोडे दिवस नको बसवूया. ट्रायलपुरता मी बसतो. सीट काढून, तसाच."

तेव्हा मी ते कानाआड केलं. पण चेनचा बोल्ट ढिला सापडल्यावर मला त्याचं ते वाक्य आठवलं, आणि कुठं पाणी मुरतंय ते कळल्यासारखं वाटलं. सीट गेली म्हणून याच्या पोटात दुखतंय. गाडी छोटीच्या हातात चालतच नाही असं याला दाखवायचंय.

नंतर मी कुणावरच विश्वास ठेवेना. ॲक्सिलरेटरची केबल निसटलेली मिळाली. फ्यूजला विचारलं, काल शेवटी कोण बाहेर पडलं? तो म्हणाला, तूच. रागानं मी त्याच्या पिशवीतले पानेसुद्धा तपासले. कुणाचे हात काळे आहेत, कोण लवकर येतंय, कोण मी आल्यावर गप्प होतंय, सगळ्यावर माझी नजर. चहा प्यायलासुद्धा मी गाडीकडे तोंड करून बसायचे. छोटी म्हणायची, "ताई, जरा झोप घे ना." मी म्हणायचे, "तू शर्यतीचं बघ. बाकीचं मी बघते." ती मान हलवायची आणि हेल्मेटची काच पुसत बसायची. एकच काच, सारखी.

आणि मग पुरावा सापडला.

बॅटरीच्या तारेचा नट माझा होता. माझी लाल रेघ तुटलेली, आणि तिच्या शेजारी ताजी, कोवळी हिरवी रेघ. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सगळी टीम जमलेली होती, वर्कशॉपचे सरही दारात उभे होते, पण मी कशाला थांबते?

"माझ्या नटावर तुझी रेघ कशी?"

वेल्डरनं हातमोजे काढले. "ढिला होता. आवळला."

"ढिला होता हे तुला सकाळी सकाळी स्वप्नात दिसलं?"

त्यानं एकदा फळ्यापाशी उभ्या असलेल्या छोटीकडं पाहिलं. मला वाटलं, सहानुभूती शोधतोय, लबाड.

"बोल ना! कसं कळलं?"

"मुकादम, तू एकदा छोटीला..."

"तिचं नाव काढायचं नाही!" माझा आवाज पत्र्याच्या छतापर्यंत गेला असणार. "तिनं तुझी सीट घेतली नाही, मी दिली. काय राग काढायचा तो माझ्यावर काढ. गाडीशी खेळतोस? त्यात माझी बहीण बसणार आहे, लाज नाही वाटत?"

त्यानं वर्कशॉपची किल्ली खिशातून काढून लेथ मशीनवर ठेवली आणि निघून गेला. सर म्हणाले, "नक्की ना?" मी म्हटलं, "सर, रेघ आहे." फ्यूजनं खाली पाहिलं. छोटी रडत होती. मला वाटलं, माझ्या ओरडण्यानं घाबरली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

आता मी निर्धास्त झाले. चोर बाहेर, त्याची किल्ली सरांनी ठेवून घेतलेली. आता किल्ली फक्त सरांकडं आणि माझ्याकडं.

गाडी ट्रकमध्ये चढवायच्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडलं. ॲक्सिलरेटरची केबल पुन्हा निसटलेली होती. रेघ तुटलेली. शेजारी हिरवी नाही, पांढरी नाही, कसलीच नाही.

तिथं लेथच्या स्टुलावर बसून मला जे कळलं ते आधी कळायला हवं होतं, आणि मलाच कळायला हवं होतं. रीत माझी होती! रेघ ओढतो तो घट्ट करणारा. ढिलं करणारा रेघ कशाला ओढेल? वेल्डरनं माझा नट ढिला केला नव्हता. कुणीतरी ढिला केलेला त्यानं आवळला होता आणि इमानदारीत आपल्या रंगानं सही केली होती. मी ती सही घेऊन त्यालाच चोर ठरवलं होतं.

मग कोण? सरांना चेन आणि ब्रेकमधला फरक चष्म्याशिवाय दिसत नाही. राहिली माझी किल्ली. माझी किल्ली आमच्या दोघींच्या खोलीत खिळ्याला असते. खिळा छोटीच्या पलंगाच्या वर आहे.

मी उठून गाडीभोवती फिरले. चेनचं कव्हर, केबल, बॅटरी. आजवर जे जे ढिलं झालं त्यानं गाडी सुरू झाली नसती, जागची हलली नसती, नाहीतर तपासणीतच अडली असती. ब्रेकला, स्टिअरिंगला, चाकांना कधी कुणी बोट लावलं नव्हतं. जे ढिलं केलं तेही उघड्यावरचं, मला हमखास सापडेल असं. गाडी चालू नये असं कुणाला तरी वाटत होतं, आणि त्यात बसलेल्या माणसाला काही होऊ नये असंही वाटत होतं.

छोटी दारात उभी होती. हातात दहा नंबरचा पाना.

"परत लावायला आले होते," ती म्हणाली. "खरंच, ताई. काढली आणि मग झोपच येईना."

मी काहीतरी भयंकर बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिनं तो पाना निमूट माझ्यापुढं धरला.

"मला नाही बसवत त्यात," ती म्हणाली. "ती फिरली ना त्या दिवशी, तेव्हापासून. पट्टा लावला की छातीत धडधडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. तू आईला फोन करून सांगितलंस. तू एवढी खूश होतीस. मला वाटलं गाडी बिघडलीच तर कुणालाच काही वाईट वाटणार नाही."

"आणि वेल्डर?"

"त्यानं मला पकडलं. म्हणाला, ताईला सांग, नाहीतर मी सांगतो. मी त्याला शपथ घातली. मग तो रोज तू यायच्या आधी येऊन सगळं आवळायचा." ती हुंदके द्यायला लागली. "त्याला तू चोर म्हणालीस आणि मी गप्प बसले, ताई."

मी तिला जवळ घेतलं. वर्षभर मी प्रत्येक नटाला बोट लावून विचारलं होतं, घट्ट आहेस ना? फळ्यावर मात्र टाकीच्या आणि सीटच्या खाली लिहिलेल्या एका वस्तूला मी काहीच विचारलं नव्हतं, कारण तिचं वजन बरोबर होतं.

वेल्डर होस्टेलच्या नळावर कपडे पिळत होता. मला पाहून त्यानं पिळणं थांबवलं नाही.

"चुकले मी," मी म्हटलं. "माफ कर म्हणायला तोंड नाही मला, पण म्हणते."

"छोटी बोलली?"

"हो. अरे, मग तू का नाही बोललास? सगळ्यांसमोर मी तुला काय काय म्हटलं!"

"तू विचारलंस कुठं?" त्यानं शर्ट झटकला, माझ्या तोंडावर थेंब उडाले. "तू सांगितलंस. तू सांगायला लागलीस की मध्ये शिरायला फट नसते, मुकादम." मग म्हणाला, "ट्रक आला का?"

ट्रक आला होता. सर, फ्यूज, सगळे जमले होते. मी सांगून टाकलं की गाडी जाईल, तपासणीला उभी राहील, पण धावणार नाही. फ्यूज उसळला. "वर्षभर राबलो ते काय ट्रकमधून फिरवून आणायला? एक दिवस कळ काढ म्हणावं तिला!"

"तू बस," मी म्हटलं. "मावतोस का बघ." तो गाडीकडं गेला, सीटमध्ये वाकून पाहिलं. आत छोटीच्या पाठीचा आकार होता, खांद्यांसकट. तो तोंड पाडून परत आला आणि ट्रकमध्ये सामान चढवायला लागला. मला त्याचं वाईट वाटलं. माझं स्वतःचंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मी डस्टर घेऊन फळ्यावरची 'ड्रायव्हर'ची ओळ पुसली.

वेल्डरनं मार्करांचा डबा छोटीपुढं धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिला रंगच नव्हता. कुणी दिलाच नव्हता. तिनं पिवळा उचलला, केबल बसवली, नट आवळला आणि रेघ ओढली. रेघ वाकडी आली. माझा हात सवयीनं तपासायला पुढं गेला. वेल्डरनं नुसतं माझ्याकडं पाहिलं, आणि मी हात मागं घेतला.

गाडी चढवून झाल्यावर छोटी माझ्यापाशी आली.

"ताई, चिडलीस?"

"हो. खूप."

"माझ्यावर?"

"ठरवते आहे."

ती हसली नाही. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी आणखी दोघांची जागा होती. मी दार उघडलं, 'चढ लवकर' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"यायचंय तुला?" मी विचारलं, आणि ती बोलेपर्यंत दार धरून उभी राहिले.