नॅनॅन अझेलीचं पदक

माणूस गेल्यावर त्याच्या नावाने पदक काढतात, तेच बरं. आमच्याकडे अझेलीच्या नावाचं पदक आहे आणि अझेली त्र्याण्णवाव्या वर्षी ठणठणीत आहे. तरुणपणी ती गुडघाभर चिखलात उतरून, बुलडोझर पोचायच्या आत दलदलीतल्या रानआयरिसच्या फुलझाडांचे गड्डे उपटून आणायची आणि दिसेल त्याला वाटायची. म्हणून लुइझियानाच्या मातीतल्या आयरिसच्या सर्वांत चांगल्या वाणाला तिचं पदक मिळतं. यंदा ते माझ्या नवऱ्याला, ओव्हिडला मिळणार होतं. त्यापायी बावीस वर्षं त्याने कंबर मोडून घेतली, आणि माझी भेंडीची जागाही गेली.

अझेली त्याची नॅनॅन, म्हणजे बाप्तिस्म्यातली धर्ममाता. समारंभ संध्याकाळी, तर बाई सकाळी सातलाच दारात.

"आधी फूल दाखव. माझं नाव वाटेवर पडलेलं नाही."

"नॅनॅन, परीक्षक गेल्या वर्षी बघून गेलेत," मी म्हटलं.

"ते बघून गेले. मी कुठे बघितलंय?"

कॉफी नको, बसायला नको. तिचा वॉकर चिखलात रुतला, तो उपसताना माझे नवे बूट गेले. वाफ्यात विटकरी फुलं डवरली होती.

"ओव्हिड, तू मला दिलेल्या गड्ड्याच्या फुलांना पिवळी रेघ आहे. यांची कुठे गेली?"

ओव्हिड वाकून एकेक फूल बघू लागला. फुलं सरली की आयरिसची बोंडं मोडायची असतात. नाही मोडली तर बिया तिथेच पडतात, नवी रोपं मूळ झाडाला गिळतात आणि पाटी मात्र जुन्या नावाची राहते. म्हणजे परीक्षकांनी भलत्याच रोपाला मतं दिली होती.

"बोंडं मोडली नाहीस का रे गाढवा?"

"राहिली, नॅनॅन."

"राहिली?" मी उसळले. "बावीस वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि बोंडं राहिली? आता तोंड मिटून पदक घे. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," अझेली म्हणाली.

संध्याकाळी ओव्हिड माइकपाशी गेला. "हे पदक मला घेता येत नाही. तुम्ही पाहिलेलं फूल माझ्या वाणाचं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी बोंडं मोडायची माझ्याकडून राहिली." पदक टेबलावर ठेवून तो माझ्या शेजारी येऊन बसला. मला त्याचा असा संताप आला की तोंडाकडे बघवेना.

मग मी वर्षं मोजली. तीन वर्षांपूर्वी, बोंडांच्या दिवसांत, तो छातीला टाके घालून दवाखान्यात पडला होता. बोंडं मोडायला त्याने मला सांगितलं होतं, दोनदा. मी दोन्ही वेळा म्हटलं होतं, मोडली.

"मी मोडली नव्हती, हे तुला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"आज सकाळी कळलं."

"गेल्या वर्षी रेघ दिसली नाही तेव्हा नाही कळलं?"

"वाटलं, उन्हाने उडाली असेल. मोडली असं तू म्हणाली होतीस ना."

पलीकडे अझेली समोर बघत बसली होती. मी ओव्हिडच्या गुडघ्यांना अडखळत खुर्च्यांतून बाहेर पडले आणि माइककडे चालू लागले.